यादीत नसलेला गडी

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार
आयुधपूजा. बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आज एकही स्पिंडल फिरला नाही. गल्लीभर झेंडूच्या माळा, गेटाला बांधलेले केळीचे खुंट, रस्त्यात कुंकू भरून फोडलेले कोहळे. आमच्याकडे दोन सीएनसी, एक मिलिंग आणि एचएमटीचा जुना लेथ; सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मालकांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरलाही बोट टेकवलं.
"काका, १४ तारखेला याचा विंडोज १० संपतोय. सुरक्षेचे अपडेट बंद. आणि विंडोज ११ च्या यादीत हा बसत नाही."
काका, म्हणजे मालक, निपाणीचे. म्हणाले, "चालतंय की! बंद कुठं पडलंय?"

३ ऑक्टोबर, शुक्रवार
पडताळणीचा प्रोग्राम चालवला. लाल फुल्या. प्रोसेसर आय-फाइव्ह आहे, पण चौथ्या पिढीचा. यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. टीपीएम २.० नाही. टीपीएम म्हणजे बोर्डावरची छोटी तिजोरी, डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या तिथे राहतात. तिजोरी असणं चांगलंच, त्यावर वाद नाही. पण आमचा लेथ माझ्याहून वयाने मोठा आहे आणि अजून वीस मायक्रॉनमध्ये काम देतो. त्याला कुणी यादी विचारत नाही. अर्थात लेथला इंटरनेट जोडलेलं नसतं, हेही खरं.
नवा कॉम्प्युटर का नको? कारण याच्या मागचं नऊ पिनांचं कॉम पोर्ट. साच्याचे प्रोग्राम इतके लांब असतात की सीएनसीच्या कंट्रोलरच्या मेमरीत मावत नाहीत. कॉम्प्युटरमधून वायरीने ओळ ओळ पाजावे लागतात. यूएसबीचा कन्व्हर्टर गेल्या वर्षी आणला होता. चालू जॉबमध्ये मध्येच अडला, सरफेसवर टूलचा खड्डा पडला. तेव्हापासून ऑपरेटर अण्णा त्याला हात लावत नाहीत.

४ ऑक्टोबर, शनिवार
एस. पी. रोडला गेलो. पूर्वी होसूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जायचा. ऑगस्टपासून मेट्रोची यलो लाइन सुरू आहे: बोम्मसंद्र्याला बसायचं, आर. व्ही. रोडला उतरून ग्रीन लाइन, के. आर. मार्केट. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह घेतला. दुकानदाराने नवं मशीन गळ्यात मारायचा मनापासून प्रयत्न केला.

५ ऑक्टोबर, रविवार
कारखाना बंद, मी एकटा. जुनी हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली. काही बिघडलं तर केबल लावायची, पुन्हा पहिल्यासारखं. हे आधी केलं म्हणून पुढचं सगळं शांतपणे झालं.
रूफस नावाच्या फुकटच्या प्रोग्रामने पेन ड्राइव्ह बनवला. तो मध्येच विचारतो, टीपीएम आणि सिक्योर बूटची अट काढू का? मी घाईत खूण न करताच पुढे गेलो. वर पेन ड्राइव्ह बूटच होईना. बायोस अजून जुन्या लेगसी पद्धतीवर होतं. यूईएफआय केल्यावर उठला. मग निळ्या पडद्यावर सरळ नकार: हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही.
पुन्हा पेन ड्राइव्ह बनवायचा कंटाळा. तिथेच शिफ्ट आणि एफ-१० दाबलं, काळी खिडकी उघडली, तिथून रेजएडिट, म्हणजे विंडोजची रेजिस्ट्री. सिस्टिमखालच्या सेटअपमध्ये लॅबकॉन्फिग नावाची की, तिच्यात बायपासटीपीएमचेक आणि बायपाससिक्योरबूटचेक, दोन्हींची किंमत १. खिडकी बंद, एक पाऊल मागे, पुन्हा पुढे. नकार गेला. म्हणजे नकार होता तो तपासणीचा; यंत्राची काही तक्रार नव्हती.
दुपारच्या डब्यापर्यंत डेस्कटॉप आला. जुन्या डिस्कवर दोन मिनिटं लागायची, आता खुर्ची ओढेपर्यंत चालू.

७ ऑक्टोबर, मंगळवार
सीएनसीला पहिला प्रोग्राम पाठवला. पडद्यावर गिचमीड. अण्णा माझ्याकडे बघतात, मी वायरीकडे. चूक माझीच: नव्या इन्स्टॉलमध्ये पोर्ट ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, आमचा कंट्रोलर मागतो सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. जुन्या डिस्कवरची सेटिंग लिहून ठेवायला हवी होती. बदललं, ओळी सुरळीत. तरी पहिला जॉब टूल वर ठेवून हवेतच फिरवला. अण्णा म्हणाले, "सरि." ठीक आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
स्टोअरमधला कोअर टू ड्युओचा कॉम्प्युटर राहिला होता. काका म्हणाले, "त्यालाही तसंच कर की." तिथे ही युक्ती चालत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रोसेसरला पॉपकाउंट ही सूचना लागते, ती त्या पिढीत नाहीच. अट टाळता येते; सिलिकॉनमध्ये नसलेली गोष्ट रेजिस्ट्रीत लिहून आणता येत नाही. त्याच्यावर लिनक्स मिंट टाकलं, हलकं एक्सएफसीई. स्टॉकची शीट उघडते, लेबल छापतं. स्टोअरच्या पोराला फरक फक्त वॉलपेपरचा वाटला.
काकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. ऑफिसच्या मशीनला महिन्याचे अपडेट आले, पुढेही येतील याची हमी कुणी दिलेली नाही. आणि वर्षाचा मोठा अपडेट आपोआप येणार नाही, पेन ड्राइव्ह घेऊन मलाच बसावं लागेल. बँकेचं काम त्यावर करू नका, ते मोबाइलवर करा.
"आणि ती जुनी डिस्क?"
कपाटात आहे. वर चिठ्ठी चिकटवली: ९६००, सात, इव्हन, दोन.