पथ्य ज्याचे त्याचे



आषाढी जवळ आली की दिंडीत एक प्रश्न हमखास निघतो, "बुवा, साखरेवर तुम्ही कोणती गोळी घेता?" मी गोळीचे नाव सांगत नाही. का सांगत नाही, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

कीर्तनात अभंग एकच असला तरी निरूपण श्रोता पाहून करावे लागते. फडावरच्या जाणत्या मंडळींपुढे जे बोलायचे, ते कालच माळ घातलेल्या पोरापुढे बोलून चालत नाही. याला आपण अधिकार पाहणे म्हणतो. औषधाचेही तसेच आहे. डॉक्टर शरीराचा अधिकार पाहतो.

मला मधुमेह होऊन २० वर्षे झाली. माझ्या शेजारी टाळ धरणारा सोबती माझ्याच वयाचा, आजारही तोच. पण त्याची मूत्रपिंडे थकलेली, म्हणून माझी गोळी त्याला वर्ज्य. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी बहुतेकांची ७ टक्क्यांच्या आसपास असावी, असे डॉक्टर सांगतात. म्हातारपणी सोबत आणखी दुखणी असली, तर ८ टक्केही चालवून घेतात. कारण या वयात साखर एकदम उतरली तर माणूस भोवळ येऊन पडतो, हाड मोडते. तेव्हा शेजाऱ्याचा आकडा पाहून आपण खंतावू नये आणि त्याची गोळीही उसनी घेऊ नये.

आता वारीचे. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. चालण्याने साखर उतरते. घरी बसून ठरलेली मात्रा दिवे घाट चढताना जास्त होऊ शकते. म्हणून प्रस्थानाच्या महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि विचारावे : चालण्याच्या दिवसांत मात्रा किती? एकादशीला गोळी-इन्शुलिन कसे घ्यायचे? पंगतीला उशीर झाला तर काय? ताप-जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवायची? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. एक प्रत आपल्या पिशवीत, एक दिंडीप्रमुखांजवळ ठेवावी. इन्शुलिन उन्हात तापू देऊ नये.

हात थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर उतरली समजावे. आकडा ७० च्या खाली दिसला की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, बसून राहावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काही खावे. त्या दिवशी एकादशी असली तरी हेच करावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा.

आणि पाय! मधुमेहात पायांची जाणीव बोथट होते. खडा टोचला, फोड फुटला, तरी कळत नाही. आमच्या दिंडीतल्या एका माउलीने अनवाणी वारीचा नवस धरला होता. भक्ती खरी होती, पण जखम कळली तेव्हा उशीर झाला होता. दोन बोटे काढावी लागली. पादत्राण घातल्याने वारी उणी होत नाही. मुक्कामी पोचल्यावर पाय धुवून, कोरडे करून, बोटांच्या बेचक्या आणि तळवे पाहावेत. गरम पाण्यात पाय बुडवून बसू नये, चटका बसलेला कळत नाही. वाकवत नसेल तर शेजाऱ्याला दाखवावे. आपण एकमेकांच्या पाया पडतोच. पडताना त्या पायांकडे नीट पाहिले, तर तीही सेवाच आहे.

डोळ्यांचा पडदा आणि लघवीतले प्रथिन वर्षातून एकदा तपासून घ्यावे. ही दुखणी आधी बोलत नाहीत, आणि बोलू लागतात तेव्हा बरेच गेलेले असते.

नेम धरणे आपल्याला नवे नाही, माउली. माळ, एकादशी, हरिपाठ आपण चुकवत नाही. त्यातच आपल्या नावाने लिहून दिलेले हे पथ्य धरावे. आषाढीला देह पंढरीला पोचवायचा आहे, तसा तो घरी परतही आणायचा आहे. पुढे कार्तिकीला पुन्हा जायचे आहे.

रामकृष्णहरी!