पुढे बसलेला माणूस

नागपंचमी आली की आमच्या आष्टीत १९४२ सालाची आठवण हटकून निघते. त्या वर्षी १६ ऑगस्टला नागपंचमीच होती. पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि माणसे हुतात्मा झाली. लहानपणी ही हकीकत ऐकताना मी एकच प्रश्न विचारी : सगळ्यांत पुढे कोण होते? सगळ्यांत मागे कोण होते, हे विचारणे मात्र मला कधी सुचले नाही.

परवा एका जुन्या फ्रेंच विमानाचे छायाचित्र पाहताना हा प्रश्न पुन्हा आठवला. 'स्पाड ए-२' हे १९१५ सालचे दोन आसनी लढाऊ विमान. त्या वेळची अडचण साधी होती. मशीनगन सरळ समोर रोखली, तर गोळ्या आपल्याच पंख्याच्या पात्यांवर आदळणार. पंखा मागे बसवला, तर वेग घटणार. लुई बेशेरो या अभियंत्याने तोडगा काढला : पंखा इंजिनापुढेच ठेवला आणि तोफचीला पंख्याच्याही पुढे बसवले. प्लायवूडच्या एका टोपलीवजा खोक्यात तो बसे. पाठीमागे हातभर अंतरावर पंखा गरगरत असे, मध्ये आडोसा केवळ जाळीचा. वैमानिक पंख्यामागे असल्याने दोघांना एकमेकांशी बोलणे अशक्य. उतरताना विमान नाकावर आपटले, तर आधी चिरडला जाणार तो पुढचाच.

अशी शंभराच्या आसपास विमाने बांधली गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक रशियाला गेली. पुढे पात्यांच्या फेऱ्यांशी गोळ्यांचा मेळ घालणारी यंत्रणा आली आणि ती टोपली अडगळीत पडली. बेशेरोने मात्र त्याच विमानाच्या धर्तीवर १९१६ मध्ये 'स्पाड-७' हे एक आसनी विमान घडवले. ते नावाजले गेले.

हीच विमाने ब्रिटिशांच्या २३ व्या स्क्वाड्रननेही वापरली होती. त्या तुकडीत १९१८ मध्ये मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर दाखल झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी ते एक. तोवर तुकडीकडे 'डॉल्फिन' विमाने आली होती. त्यांत वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या जागेतून बाहेर येई. दृष्टी चौफेर, पण विमान उलटले तर मान धोक्यात. जून १९१८ मध्ये वेलिणकर मोहिमेवरून परतले नाहीत. ३० जूनला त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समधल्या आंगार येथे त्यांचे थडगे आहे. पण ते निदान स्वतःचे विमान स्वतः चालवीत होते. टोपलीतल्या माणसाच्या हाती बंदूक होती, सुकाणू नव्हते.

हे लिहिताना मला माझा एक तरुण सहकारी आठवतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात होतो, तिथे तो तासिका तत्त्वावर शिकवत असे. थकलेल्या मानधनाबद्दल व्यवस्थापनाला निवेदन द्यायचे ठरले. मजकूर माझा होता. नोकरीत कायमही मीच होतो. तरी 'प्रश्न तुमचा आहे, पहिली सही तुम्हीच करा,' असे मी त्याला म्हणालो. वाक्य तर्कशुद्ध होते. म्हणूनच ते मला इतके सोयीचे वाटले. त्याने सही केली. पुढच्या सत्रात त्याला तासिका मिळाल्या नाहीत.

निरोप घेताना तो म्हणाला, ''सर, मसुदा फार चांगला होता.'' त्यात उपरोध नव्हता. असता, तर मला थोडे हलके वाटले असते.

बेशेरोला दोष देणे सोपे आहे. पण तो दुष्ट नव्हता. समोरची अडचण त्याने हुशारीने सोडवली होती. त्या हुशारीची किंमत दुसऱ्याच्या अंगावर पडत होती, एवढेच. माझेही तसेच झाले. हल्ली नागपंचमीला पुढच्यांची नावे घेतली जातात, तेव्हा मी हात जोडतो आणि माझी जागा कुठे होती, ते मनाशी आठवून पाहतो.