चुकीला जर्नलमध्ये जागा

मुंबई विद्यापीठाने 2019 मध्ये सुधारलेल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या चौथ्या सत्राला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा कौशल्याधारित प्रयोगशाळा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘स्किल लॅब’, म्हणून ठेवण्यात आली. या विषयाला लेखी पेपर नाही. सत्रभर केलेल्या प्रयोगांवर मिळणारे टर्म वर्कचे गुण, त्यासाठी लिहिलेले जर्नल आणि तोंडी प्रश्नांना दिलेली उत्तरे यांवरच विद्यार्थ्याची पारख होते. घोडबंदर रस्त्यावरच्या कासारवडवलीपासून कोपरी आणि डोंबिवली पूर्वेपर्यंत या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये पसरलेली आहेत, आणि तेथील प्रयोगशाळांमध्ये वर्गाच्या बॅचेस पाडून, दोन-दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये हा विषय शिकवला जातो. या दोन तासांत प्रत्यक्षात जे शिकले जाते आणि जर्नलमध्ये जे उतरते, त्यांत असलेली तफावत नीट पाहण्याजोगी आहे, कारण शिकण्याचा सर्वांत मोलाचा भाग नेमका तेथेच गळून पडतो.

विद्यार्थी या प्रयोगशाळेत येतो तेव्हा पहिल्या वर्षी शिकलेली सी ही भाषा त्याच्या बोटांत मुरलेली असते. सी भाषेत प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम लागतो, विधानांचा गट महिरपी कंसांत बांधावा लागतो आणि कोणत्या नावाखाली कोणत्या प्रकारची किंमत ठेवायची हे आधी जाहीर करावे लागते. पायथनमध्ये या तिन्ही गोष्टींची सक्ती नाही. गिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत 1989 च्या डिसेंबरमध्ये या भाषेचे काम हाती घेतले आणि 1991 च्या फेब्रुवारीत ती खुली केली. त्याच संस्थेत शिकवण्यासाठी घडवलेल्या एबीसी या भाषेकडून त्यांनी एक रीत घेतली, ती म्हणजे ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेवरून, म्हणजे इंडेंटेशनवरून, विधानांचा गट ओळखण्याची. सी भाषेत जी मोकळी जागा केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असते, ती येथे अर्थाचा भाग बनते. मॅन्युअलच्या पीडीएफमधून प्रोग्राम उचलून चिकटवला की ही मोकळी जागा विस्कटते, सरळ अवतरणचिन्हांच्या जागी छपाईतली वाकडी चिन्हे येतात, आणि वरकरणी हुबेहूब दिसणारा प्रोग्राम चालत नाही. हाताने टाइप करण्याचा आग्रह धरणारे शिक्षक विद्यार्थ्यांना जाचक वाटतात, पण त्या आग्रहात मोठे शहाणपण आहे.

प्रोग्राम अडला की पायथन जो मजकूर दाखवते त्याला ट्रेसबॅक म्हणतात. कोणत्या ओळीतून कोणते फंक्शन बोलावले गेले आणि ते करता करता काम कोठे थांबले, याचा तो माग असतो, आणि त्याचा क्रम असा की सर्वांत शेवटी घडलेली गोष्ट सर्वांत खाली येते. म्हणून तो खालून वर वाचायचा असतो: शेवटच्या ओळीत चुकीची जात आणि कारण, त्याच्या वर ती ओळ, आणि त्याही वर तेथवर पोचण्याचा मार्ग. नवखा विद्यार्थी मात्र पहिल्या ओळीपासून वाचू लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला धीर सोडतो आणि शेजारच्या पीसीवर चाललेला प्रोग्राम उतरवून घेतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलामुलींना तर हा इंग्रजी मजकूर म्हणजे आपल्या अपात्रतेचा निवाडाच वाटतो, वास्तविक त्यातील शब्दसंपदा फार थोडी असते. नाव ठाऊक नसले की नेमएरर, दोन प्रकारच्या किमती जुळत नसल्या की टाइपएरर, यादीत नसलेला क्रमांक मागितला की इंडेक्सएरर. अशा पंधरावीस संज्ञा ओळखीच्या झाल्या की सत्रभराचे काम निभावते. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या 3.10 या आवृत्तीपासून तर हे संदेश पुष्कळ स्पष्ट झाले आहेत, इतके की उघडलेला कंस मिटायचा राहिला तर तो कोणता हेही सांगितले जाते. ट्रेसबॅक शांतपणे वाचण्याची सवय पहिल्या दोन प्रॅक्टिकलमध्ये लावली गेली, तर पुढचा अभ्यासक्रम विद्यार्थी बव्हंशी आपला आपण शिकू शकतो.

तथापि बोलणाऱ्या चुकांपेक्षा मुकी चूक अधिक कठीण असते. समजा, रेल्वेचे भाडे आणि शेअर रिक्षाचे भाडे विचारून त्यांची बेरीज सांगणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि वापरणाऱ्याने 10 व 15 हे आकडे दिले, तर उत्तर 25 न येता 1015 येते, कारण इनपुट हे फंक्शन टाइप केलेली प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणूनच परत देते आणि दोन मजकुरांच्या मध्ये बेरजेचे चिन्ह आले की पायथन त्यांना एकापुढे एक जोडते. तक्रार कसलीच येत नाही. त्याचप्रमाणे ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण ही आठ स्थानके एका यादीत ठेवून शून्यापासून सातपर्यंतचा तुकडा मागितला, तर गाडी ठाकुर्लीलाच थांबते. मोजणी शून्यापासून सुरू होते म्हणून कल्याणचा क्रमांक सात, आणि तुकडा घेताना शेवटचा क्रमांक धरला जात नाही. या संकेतामागे विचार आहे. शेवटच्या क्रमांकातून पहिला वजा केला की तुकड्याची लांबी मिळते आणि लागोपाठचे दोन तुकडे एकमेकांवर न चढता जुळतात. परंतु हा विचार विद्यार्थ्याला उमगतो तो कल्याण का आले नाही असा प्रश्न त्याला स्वतःला पडल्यानंतरच. पाठ केलेला नियम त्या प्रश्नाची जागा घेऊ शकत नाही.

आता याच प्रयोगाचे जर्नल पाहावे. उद्दिष्ट, थिअरी, प्रोग्राम, आउटपुट आणि निष्कर्ष असे त्याचे ठरलेले भाग असतात. थिअरी बहुधा मागच्या वर्षीच्या फाइलमधून येते, आउटपुटच्या जागी अखेरीस बरोबर आलेल्या उत्तराचा प्रिंटआउट चिकटवला जातो आणि निष्कर्षात प्रयोग यशस्वीपणे पार पडल्याचे लिहिले जाते. आधी आलेले 1015, त्यावर गेलेली पंधरा मिनिटे, दोन्ही किमतींना पूर्णांकात बदलण्याची सुचलेली युक्ती, यांपैकी काहीही कागदावर राहत नाही. सबमिशनच्या आठवड्यात सगळ्या बॅचची जर्नले एकसारखी दिसतात याचे खापर केवळ विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडणे अन्यायाचे आहे. बरोबर उत्तर सर्वांचे एकच असते. वेगळ्या असतात त्या चुका, आणि त्यांनाच जर्नलमध्ये रकाना नाही. शिवाय आता संगणकाला प्रश्न घातला की तयार प्रोग्राम क्षणात हाती येतो, त्यामुळे केवळ आउटपुट पाहून कोणी काय शिकले हे ठरवणे पूर्वीपेक्षाही अशक्य झाले आहे.

चुकीतून किती दूरवर जाता येते याचे उत्तम उदाहरण देवनागरी मजकुराच्या प्रयोगांत सापडते, आणि मराठी मुलखातल्या प्रयोगशाळांनी हे प्रयोग आवर्जून करावेत. ‘ठाणे’ या शब्दाची लांबी विचारली तर पायथन दोन न सांगता चार सांगते, कारण ठ, काना, ण आणि मात्रा यांना युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात स्वतंत्र क्रमांक आहेत. तोच शब्द उलटा करायला सांगितला तर मात्रा सर्वांच्या पुढे येऊन निराधार उभी राहते. वापरणाऱ्याने देवनागरीत टाइप केलेल्या दहाचे पूर्णांकात रूपांतर पायथन बिनबोभाट करते, पण तेच अंक प्रोग्रामच्या ओळीत संख्या म्हणून लिहिले तर सिंटॅक्सएरर दाखवते. चलांची नावे मात्र देवनागरीत चालतात. स्थानकांच्या यादीत कसारा आणि कर्जत घालून ती अक्षरक्रमाने लावली की कळवा कसाऱ्याच्या आधी येतो. शाळेत शिकलेल्या मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर असल्यामुळे कसारा आधी यायला हवा. परंतु युनिकोडचा देवनागरी विभाग सर्व भारतीय लिप्यांना एका साच्यात बसवणाऱ्या इस्की या 1988 च्या संकेतावर बेतलेला आहे, तेथे ळ हा ल च्या शेजारी बसतो, आणि म्हणून ळ ला 2355 तर स ला 2360 हा क्रमांक मिळालेला आहे. पायथन क्रमांक पाहते, वर्णमाला पाहत नाही. या एका चुकीच्या क्रमातून विद्यार्थी लिपी, संकेत आणि त्यांचा इतिहास येथवर पोचतो, आणि तो दुरुस्त करण्यासाठी क्रम लावण्याचे स्वतःचे फंक्शन लिहितो, तेव्हा त्याने मराठीसाठी खरोखर उपयोगी असे काही घडवलेले असते.

येथे पहिल्या तुकडीची आठवण ठेवली पाहिजे. सुधारित अभ्यासक्रमाचे दुसरे वर्ष 2020-21 मध्ये सुरू झाले, त्यामुळे ही स्किल लॅब प्रथम आली ती महासाथीच्या काळात, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना कुलूप असताना. शेजारचा पीसी नाही, खांद्यावरून डोकावणारे शिक्षक नाहीत, अशा स्थितीत ज्यांनी ट्रेसबॅक एकट्याने वाचून प्रोग्राम चालवले त्यांचे कष्ट कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाहीत. त्याच काळात, 2021-22 पासून, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली, आणि पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमाने संगणकाचे धडे मराठीतही ऐकवले. ही साधने चांगली आहेत, पण प्रयोगशाळेत आपली चूक आपल्या भाषेत कोणाला तरी समजावून सांगण्याची मुभा मिळेपर्यंत ती अर्धीच उपयोगी पडतील.

त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची गरज नाही. आउटपुटच्या आधी ‘आलेल्या चुका’ असा एक भाग जोडावा, त्यात ट्रेसबॅकची शेवटची ओळ किंवा आलेले चुकीचे उत्तर आणि ते का आले याची दोन-तीन वाक्ये, मराठीत लिहिली तरी चालतील अशी, विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहावीत, आणि टर्म वर्कचे काही गुण त्या वाक्यांना द्यावेत. वीस-बावीस जणांच्या बॅचची अशी पाने वाचायला शिक्षकाला वेळ अधिक लागेल हे खरे, आणि तो वेळ त्याच्या कार्यभारात धरला गेला पाहिजे. तोंडी परीक्षेतही लिस्ट आणि टपल यांतला फरक विचारून थांबण्याऐवजी जर्नलचे तेच पान उघडून 1015 का आले असे विचारता येईल. ज्याने ते उत्तर स्वतः पाहिले आहे, तो विद्यार्थी त्या वेळी घोकलेल्या व्याख्येकडे वळत नाही, सरळ आपल्या प्रोग्रामविषयी बोलू लागतो.