एकसर आणि समांतर

नववीच्या वर्गात सरांनी दोन रोध आधी एकसर, मग समांतर जोडून दाखविले होते. एकसर जोडणीत मोठ्या रोधाचे वर्चस्व, समांतर जोडणीत लहानाचे. आम्ही ते वहीत उतरवून घेतले आणि वसतिगृहाची जेवणाची घंटा होताच विसरलो. पुढे तेलविहिरींतील विद्युत-मापनात उमेदीची वर्षे गेली, तेव्हा ते दोन रोध पुन्हा समोर येऊन उभे राहिले.

ही विद्या तशी जुनी. 1927 च्या सप्टेंबरात फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे श्लुम्बर्जे बंधूंच्या चमूने विहिरीत उपकरण सोडून पहिला विद्युत-आलेख काढला. तर्क सरळ आहे. खडकातले खारे पाणी वीज वाहून नेते. तेल आणि वायू नेत नाहीत. रोधकता चढली की तेलाची आशा, उतरली की पाणी.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील समुद्रातल्या एका विहिरीत एका टप्प्यावर रोधकता भरली अवघी 2 ओहम-मीटर. आम्ही अहवालात ‘पाणी’ असे लिहून मोकळे झालो. तो भाग सिमेंटने बुजविण्याची बोलणी सुरू झाली. इतक्यात त्याच खोलीतून काढलेला खडकाचा गाभा पेटीतून आला. वालुकाश्म आणि शेल यांचे बोट-अर्ध्या बोटाचे थर, एकावर एक, शेकड्यांनी. आणि अतिनील दिव्याखाली वाळूचा प्रत्येक थर तेलाने पिवळसर चमकत होता. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही.

चूक उपकरणाची नव्हती. त्याने निर्माण केलेला प्रवाह उभ्या विहिरीभोवती आडवा, थरांच्या दिशेनेच फिरतो. म्हणजे थर समांतर जोडलेले. निम्मी वाळू 50 ओहम-मीटरची आणि निम्मा शेल 1 ओहम-मीटरचा धरला, तर आडवी रोधकता जेमतेम 2 येते. शेलमधील चिकणमातीला बिलगलेले पाणी सारी वीज ओढून नेते आणि तेल झाकले जाते. तोच प्रवाह थरांना छेदून उभा गेला, तर जोडणी एकसर होते आणि उत्तर येते 25.5. परस्परांना काटकोनात बसविलेल्या वेटोळ्यांची त्रिअक्षीय उपकरणे या दोन्ही रोधकता मोजून देतात. अर्थात उभी रोधकता जास्त आली म्हणजे तेल सापडलेच, असे नव्हे. शेल स्वतःही पापुद्र्यांचाच असतो. तेवढे वजा करून मगच वाळूचा हिशेब मांडावा लागतो.

विहीर बुजविली गेली नाही. चाचणी झाली, तेल वाहिले. आमचा पहिला अहवाल आम्ही जपून ठेवला आहे.

पुढे सुट्टीत शाळेकडे जाणे झाले, तेव्हा निवृत्त झालेल्या सरांना ही हकिकत सांगितली. त्यांनी कागद-पेन्सिल मागवून आकडेमोड स्वतः तपासली, चष्मा काढला आणि विचारले, “नववीत शिकवले होते की रे. मग पहिल्याच वेळी का नाही सुचले?”

आम्ही खाली पाहिले.