उंडा तोच, सारण वेगळं!

ऑनसाइट म्हणजे काय? मित्रांना वाटतं डॉलर, आईला वाटतं मजा. खरं सांगू? ऑनसाइट म्हणजे शनिवारी दुपारी बाराला उठून फ्रिजमधल्या कालच्या भाताकडे बघत बसणं. 2019 च्या मार्चमध्ये ह्यूस्टनला माझी अगदी हीच अवस्था होती.

शेवटी डाळ-तांदूळ आणायला हिलक्रॉफ्टला गेले. तिथला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट म्हणजे ह्यूस्टनमधल्या देसी लोकांचा लक्ष्मी रोड. साड्या, सोनं, चाट, सगळं एका रांगेत! पण हायवे ओलांडला की गल्फटन सुरू होतं आणि पाट्या एकदम स्पॅनिश होतात. तिथेच टायरच्या दुकानासमोर एक निळा ट्रेलर दिसला. आतून आवाज येत होता... थप, थप, थप. भाकरी थापल्यासारखा! गाडी आपोआप वळली.

ट्रेलर एल साल्वादोरच्या एका कुटुंबाचा. आई थापणार, बाबा तवा सांभाळणार, कॉलेजात जाणारी मुलगी खिडकीत. पदार्थ एकच, पुपुसा. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. हातावर वाटी करायची, सारण भरायचं, तोंड बंद करून तळव्यांवर थापायचं. पुरणपोळीचा उंडाच की हो! फक्त लाटणं नाही, आणि पुरणाऐवजी चीज, घेवड्यासारख्या दाण्यांची पेस्ट नाहीतर पोर्क.

‘‘व्हेज काय आहे?’’ माझा ठरलेला प्रश्न. मुलीनं आईला विचारलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘बीन्स घेऊ नकोस, त्यात डुकराची चरबी असते. चीज आणि लोरोको घे.’’ लोरोको म्हणजे एका वेलीच्या हिरव्या कळ्या. सोबत कुर्तिदो, म्हणजे कोबी-गाजराचं आंबट लोणचं, आणि पातळ टोमॅटो सॉस. मी काटा मागितला तर तिघंही हसले. पुपुसा हातानंच खायची! मला काय, आनंदच. तीन संपवल्या.

मग दर शनिवार ठरलेला. आई मला ‘मीहा’ म्हणायची, म्हणजे ‘बाळा’. एल साल्वादोरनं 2005 मध्ये पुपुसाला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार तिच्या नावे केला, हे बाबांनी मला चक्क तीनदा सांगितलं.

एकदा मी वैतागून म्हटलं, ‘‘ऑगस्टमध्ये माझं प्रोजेक्ट संपतंय. सुटले एकदाची!’’ मुलगी म्हणाली, ‘‘आमची तारीख सप्टेंबरची आहे.’’

मला कळेना. मग तिनं सांगितलं. 2001 च्या जानेवारी-फेब्रुवारीत एल साल्वादोरला दोन मोठे भूकंप झाले. तेव्हा अमेरिकेत असलेल्या तिथल्या लोकांना तात्पुरतं राहायची आणि काम करायची परवानगी मिळाली. ती वाढत वाढत गेली. जानेवारी 2018 मध्ये सरकारनं जाहीर केलं, 9 सप्टेंबर 2019 ला बंद. ऑक्टोबरमध्ये कोर्टानं स्थगिती दिली, पण स्थगिती म्हणजे काही निकाल नव्हे. मुलगी इथे जन्मलेली, म्हणून अमेरिकन. आई-बाबा तात्पुरते, अठरा वर्षं! आजी तिकडे एकटी. परवानगी काढून जाता येतं, पण परतताना अडवलं तर? म्हणून आई कधी गेलीच नाही.

माझ्या तारखेला मला घरी जायचं होतं. त्यांच्या तारखेला त्यांचं घर मोडणार होतं. पुढे काय बोलावं, सुचलंच नाही.

निघायच्या आधीच्या शनिवारी आईनं मला ट्रेलरमध्ये बोलावलं, हाताला तेल-पाणी लावलं आणि गोळा दिला. माझी पुपुसा फाटली, चीज तव्यावर! तिनं तीच खरपूस करून स्वतःच्या ताटात घेतली.

पुण्यात आल्यावर मक्याच्या पिठाची करून बघितली. पार भुगा! आपलं पीठ चुन्यात शिजवलेल्या मक्याचं नसतं ना, चिकटपणाच येत नाही. कोर्टकचेरीत त्यांची ती तारीख टळली आणि जून 2023 मध्ये अमेरिकी सरकारनं 2018 चा निर्णयच मागे घेतला. बातमी वाचून मी ऑफिसच्या कँटीनमध्ये एकटीच हसले. परवानगी मात्र तात्पुरतीच राहिली.

कधी ह्यूस्टनला गेलात तर हायवे ओलांडा. थप-थप ऐकू आली की थांबा. आणि हो, काटा मागू नका!