इंग्रजीची पहिली पायरी आणि तलवाड्याची मराठी

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरिता देवीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे गाव असून, अशा गावातील मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला इंग्रजीची ओळख कोणत्या क्रमाने करून द्यावी, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या शाळांतील त्याच प्रश्नाहून बराच निराळा आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकवला जाऊ लागला. त्याआधी मराठी माध्यमात तो पाचवीपासून असे. म्हणजे आज दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या गाठीशी इंग्रजीची दहा वर्षे असतात, आणि तरीही अनेक मुलांना स्वतःविषयी चार वाक्ये न अडखळता बोलता येत नाहीत. याचे खापर कधी मुलांच्या कुवतीवर तर कधी शिक्षकांच्या तयारीवर फोडले जाते. परंतु भाषाशिक्षणाच्या अंगाने पाहता दोष मुख्यतः क्रमाचा आहे, कारण जे आधी यायला हवे ते शेवटी येते आणि जे मराठीच्या आधाराने सहज कळण्याजोगे आहे ते मराठीला दूर ठेवून शिकवले जाते.

क्रमाचा हा प्रश्न बीड जिल्ह्यात अधिक तीव्र होतो, याचे कारण ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि हंगाम संपल्यावर, म्हणजे साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये, गावी परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात येते. पण आई-वडिलांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलाचे अर्धे शालेय वर्ष बुडते, आणि इंग्रजीचा प्रत्येक पाठ मागल्या पाठावर उभा असल्यामुळे तुटलेला धागा पुढे सांधला जात नाही. अशा मुलाला जून ते ऑक्टोबर या काळात जे शिकवले जाईल, ते तेवढ्यावरच थांबले तरी त्याच्या उपयोगी पडेल काय, हीच अभ्यासक्रमाची खरी कसोटी मानली पाहिजे.

ही कसोटी नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमध्ये, ढाक्याला, शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या द्वैभाषिकत्वावरील ग्रंथात तिची मांडणी केली आहे. विम्याचे हप्ते मध्येच थांबवले तरी विमेदाराला काही रक्कम परत मिळते आणि तिला ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात. तीच संज्ञा वेस्टने शिक्षणाला लावली आणि असा प्रश्न केला की, अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय उरते. त्याच्या समोरची बंगाली मुले शाळा लवकर सोडत असत. त्याचे उत्तर होते वाचन, कारण थोडक्या शब्दांनिशी वाचता आले तर शाळा सुटल्यावरही भाषा टिकते. तलवाड्याच्या संदर्भात हे उत्तर जसेच्या तसे पुरणार नाही. आज बोलण्याची गरज वाढली आहे. प्रश्न मात्र तोच आहे, आणि शंभर वर्षांनंतरही तो आपल्या पाठ्यक्रमांना पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मराठी माणसाच्या इंग्रजी शिक्षणाला मराठीचा आधार देण्याची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे १८३२ मधील ‘दर्पण’ दोन्ही भाषांत निघत असे, आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अनेक पिढ्यांनी घोकली. व्याकरण-भाषांतर पद्धती, म्हणजे नियम सांगून त्याबरहुकूम वाक्यांची भाषांतरे करून घेण्याची रीत, हा त्या परंपरेचा गाभा होता. तिच्यात बोलणे आणि ऐकणे जवळजवळ नव्हते, हा तिचा मोठा उणेपणा. तो दूर करण्यासाठी पुढे ज्या पद्धती आल्या त्यांनी मात्र मातृभाषेलाच वर्गाबाहेर बसवले आणि आजाराबरोबर औषधही फेकून दिले. मराठवाड्यात ही परंपरा आणखी उशिरा पोहोचली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, त्यामुळे इथल्या अनेक घरांत आजोबांची शाळेची भाषा एक, वडिलांची दुसरी आणि नातवाची तिसरी असे चित्र दिसते.

उच्चारांपासून आरंभ करणे श्रेयस्कर, कारण उच्चार चुकीचा रुजला की तो काढणे फार अवघड जाते. इंग्रजीची लिपी आणि तिचे ध्वनी यांची फारकत झाली आहे. सव्वीस अक्षरांवर चाळीसहून अधिक ध्वनींचा भार आहे, आणि १४७६ साली कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणल्यानंतर लेखन हळूहळू स्थिर होत गेले, तर उच्चार मात्र बदलत राहिले, त्यामुळे ‘नाइफ’ या शब्दाच्या आरंभी आज न उच्चारले जाणारे अक्षर लिहावे लागते. देवनागरीत वाढलेल्या मुलाला ‘लिहिले तसे वाचावे’ ही सवय असते. म्हणून आधी शब्द कानावर पडावा, मग तोंडी बसावा आणि त्यानंतरच त्याचे स्पेलिंग यावे, हा क्रम केवळ सोयीचा नाही, तो अपरिहार्य आहे.

या कामी मराठीजवळ अनेक भारतीय भाषांजवळ नाही असे एक भांडवल आहे, आणि त्याचा उपयोग वर्गात क्वचितच होतो. मराठीत ‘च’ दोन आहेत: ‘चाक’ या शब्दातला दंततालव्य, म्हणजे जिभेचे टोक दातांच्या मुळाशी लावून केलेला, आणि ‘चार’ या शब्दातला तालव्य. इंग्रजी ‘कॅट्स’ या शब्दाचा शेवट चाकातल्या ‘च’सारखा होतो, तर ‘कॅच’ या शब्दाचा शेवट चारातल्या ‘च’सारखा. त्याचप्रमाणे ‘कार्ड्स’च्या अखेरीस ‘जाळ’ या शब्दातला ‘ज’ आहे आणि ‘बॅज’च्या अखेरीस ‘जेवण’ या शब्दातला. तलवाड्याच्या मुलाने ‘चाक’ आणि ‘चार’ एकदा सावकाश म्हणून पाहिले, जीभ कुठे टेकते हे बोटाने दाखवले, की इंग्रजी अनेकवचनाचा निम्मा उच्चार त्याला आपोआप साधतो. उरलेला निम्मा मराठी व्याकरणातील कठोर आणि मृदू व्यंजनांच्या भेदाने साधतो. जगत् आणि ईश मिळून ‘जगदीश’ होतो, कारण मृदू ध्वनीच्या शेजारी कठोर ‘त्’ मृदू होतो, हे मूल संधी शिकताना वाचतेच. इंग्रजीत हाच शेजारधर्म उलट्या दिशेने चालतो आणि आधीचा ध्वनी नंतरच्याला आपल्यासारखा करतो. म्हणून ‘बुक्स’ मध्ये ‘स’ ऐकू येतो आणि ‘डॉग्झ’ मध्ये मृदू ‘झ’. भूतकाळाच्या प्रत्ययाचाही ‘वॉक्ट’ मध्ये ‘ट’ होतो आणि ‘प्लेड’ मध्ये ‘ड’. क्रियापदाच्या शेवटी आधीच ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तर मध्ये स्वर घालून ‘वाँटिड’ म्हणावे लागते.

काही ठिकाणी मात्र मराठीच वाट चुकवते. मराठी ‘व’ खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ नेऊन, पण फारसे घर्षण न करता उच्चारला जातो, आणि इंग्रजीत त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे ध्वनी आहेत: एकात दात ओठाला टेकून हवा घासत बाहेर येते, दुसऱ्यात दातांचा संबंधच नसून ओठांचा चंबू होतो. मराठी लेखनाने पहिल्यासाठी ‘व्ह’ योजला, ‘व्हॅन’ आणि ‘व्हिडिओ’ हे त्याचे योग्य उपयोग; पण ‘व्हाइट’ आणि ‘व्हील’ असे लिहून दुसऱ्या ध्वनीचे शब्दही त्यातच घातले, त्यामुळे वाचून शिकणाऱ्या मुलाचे दात नको तिथे ओठाला टेकतात. ऱ्हस्व-दीर्घाचेही असेच आहे. मराठीत तो भेद लिहिण्यात काटेकोर आणि बोलण्यात सैल असल्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’, म्हणजे जहाज आणि मेंढी, एकसारखी ऐकू येतात. ‘बॅट’ला ‘ब्याट’ आणि ‘डॉक्टर’ला ‘डाक्टर’ म्हणणाऱ्या मुलाला हसणारे शिक्षक अजूनही आढळतात. ते हसू त्या मुलाचे तोंड कायमचे बंद करते. ॲ आणि ऑ ही चिन्हे मराठीने इंग्रजी शब्दांसाठीच स्वीकारली आहेत, तेव्हा ती दाखवून जबडा किती उघडायचा एवढे सांगणे पुरेसे असते.

व्याकरणाकडे वळताना एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे, ती ही की तलवाड्याच्या मुलाला येणारे मराठी व्याकरण इंग्रजीच्या प्राथमिक व्याकरणापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे आहे. ‘मुलगा भाकरी खातो’, ‘मुलगी भाकरी खाते’ यांत क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, ही कर्तरी रचना. ‘मुलाने भाकरी खाल्ली’, ‘मुलीने लाडू खाल्ला’ यांत तेच क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते, ही कर्मणी रचना. चार वर्षांचे मूल हे सारे न चुकता बोलते. इंग्रजीत या चारही वाक्यांसाठी वर्तमानात ‘ईट्स’ आणि भूतात ‘एट’ एवढी दोनच रूपे लागतात. हे मुलाला सांगितले पाहिजे, कारण त्यातून त्याला धीर येतो आणि ‘ईट्स’ मधला एकुलता एक ‘स’ का विसरायचा नाही हेही कळते: बाकी सगळा डोलारा नाहीसा झाल्यावर कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी आहे हे सांगणारी तेवढी एकच खूण इंग्रजीने राखली आहे.

शब्दांचा क्रम हा खरा अडसर आहे. मराठीत क्रियापद शेवटी आणि विभक्तिप्रत्यय नामाच्या मागून येतात, इंग्रजीत क्रियापद मध्ये आणि शब्दयोगी अव्ययासारखे शब्द नामाच्या आधी. ‘टेबलावर’ याचे ‘ऑन द टेबल’ होते. हे तुलनेने लवकर अंगवळणी पडते. प्रश्नार्थक वाक्य मात्र वर्षानुवर्षे छळते. ‘तू गेलास का?’ यातला ‘का’ वाक्याच्या शेवटी येतो, काळाशी त्याला देणेघेणे नसते आणि भूतकाळ क्रियापदावरच राहतो. इंग्रजीत ‘का’चे काम करणारा शब्द वाक्याच्या तोंडाशी येतो आणि काळ स्वतःकडे घेतो, म्हणून ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ अशी त्याची रूपे होतात आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परतते: ‘डिड यू गो’. ‘डिड यू वेंट’ असे म्हणणारे मूल निष्काळजी नसते; ते मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळत असते. चूक कुठून उगवते हे शिक्षकाला ठाऊक असेल तर एका तासात समजावता येते, आणि ठाऊक नसेल तर ती लाल शाईने वर्षभर खोडत बसावी लागते.

‘अ’ आणि ‘द’ या उपपदांबाबत मराठीत असे काही नाही, असे सांगण्याची पद्धत आहे. ते पूर्णपणे खरे नाही. ‘दारात कुत्रा आहे’ आणि ‘कुत्रा दारात आहे’ या दोन वाक्यांत शब्द तेच असून अर्थ निराळा आहे. पहिल्यात कोणतातरी कुत्रा आला आहे, दुसऱ्यात ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे तो कुत्रा कुठे आहे हे सांगितले आहे. पहिल्याचे इंग्रजी ‘देअर इज अ डॉग ॲट द डोअर’, दुसऱ्याचे ‘द डॉग इज ॲट द डोअर’. मराठी जे काम शब्दांच्या जागेने करते ते इंग्रजी उपपदाने करते, आणि हा भेद मुलाला मुळातच कळत असतो. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला पोहता येते’, ‘मला भूक लागली’ या वाक्यांचीही अशीच गोष्ट आहे: मराठीत ज्याच्याविषयी बोलायचे तो चतुर्थीत ‘मला’ म्हणून येतो, इंग्रजीत तो ‘आय’ होऊन कर्त्याच्या जागी बसतो आणि त्याच्यापुढे ‘हॅव’, ‘कॅन’, ‘ॲम’ यांपैकी योग्य शब्द येतो. एवढ्या एका तुलनेवर स्वतःविषयीची कितीतरी वाक्ये उभी राहतात.

शब्दसंग्रहाविषयी थोडक्यात. ऑग्डेन या इंग्रज भाषातज्ज्ञाने १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’साठी ८५० शब्द निवडले, वेस्टने १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली, दोन्ही उपयुक्त आहेत, पण तलवाड्यातील यादीचा आरंभ तलवाड्यातच झाला पाहिजे. मोटार, स्टार्टर, फ्यूज, पाइप, ड्रिप, स्प्रे, जिनिंग, ट्रॉली, लोड हे शब्द इथल्या प्रत्येक घरात रोज बोलले जातात. त्यांना मूळ उच्चार आणि स्पेलिंग जोडले की पहिले शे-दोनशे शब्द नव्याने पाठ करावे लागत नाहीत. कापसावर फवारायच्या औषधाच्या डब्यावर तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल-पिवळ्यावर ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’ आणि हिरव्यावर ‘कॉशन’ हा शब्द असतो. वजनकाट्याच्या छापील पावतीवर ‘ग्रॉस’, ‘टेअर’ आणि ‘नेट’, म्हणजे गाडीसह वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ मालाचे वजन, असे शब्द अनेकदा आढळतात, आणि ऊसतोडीची मजुरी टनावर ठरत असल्याने त्यांचा अर्थ कळणे घराच्या हिशेबाशी बांधलेले आहे. हे शब्द पाठ्यपुस्तकातील प्राणिसंग्रहालयाच्या आधी आले पाहिजेत.

हंगामाचा विचार करता, जून ते दिवाळी या साडेचार-पाच महिन्यांत मुलाच्या पदरात ध्वनींची ओळख, ‘आय हॅव’, ‘आय कॅन’, ‘धिस इज’, ‘देअर इज’ अशा आठ-दहा वाक्यसाच्यांवरचे तोंडी प्रभुत्व, ‘डू’ आणि ‘डिड’ने होणारे प्रश्न आणि परिसरातील दोनशे शब्दांचे वाचन एवढे निश्चितपणे पडू शकते. काळांचा बारा घरांचा तक्ता त्यानंतर आला तरी चालेल. त्यातली निम्मी घरे नवशिक्याला वर्षभरात लागतही नाहीत. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना पुढचा भाग हिवाळ्यात शिकवता येतो, आणि फडावरून एप्रिलमध्ये परतणाऱ्या मुलांसाठी शिक्षकाच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे कोणते साचे पक्के झाले होते याची नोंद असली, तर वर्गाच्या पाठ्यपुस्तकाचे पान कितवे आहे हे न पाहता त्याच साच्यापासून पुढे सुरुवात करता येते.