ज्ञानेश्वरी कोठे गेली?

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून ज्या नगरीत ग्रंथालयांची घडी बसविली, त्या वडोदऱ्यात आमच्या वाचनालयाची सूची चुकावी, याची लाज आम्हांस अजून वाटते. एक वृद्ध सभासद सूचीच्या अखेरीस ज्ञानेश्वरी शोधीत बसले होते. ती निघाली ‘ज’मध्ये, ‘जौ’च्याही मागे. “ज्ञानेश्वरी काढून टाकलीत काय हो?” या त्यांच्या प्रश्नावर आम्ही निरुत्तर झालो.

संगणकाच्या लेखी ज्ञ हे अक्षरच नव्हे. ती ज् आणि ञ यांची जोडी. आयसीयू नावाच्या आज्ञासंग्रहास मराठी वर्णक्रम शिकविता येतो. आम्ही तो शिकविलाही होता, पण एकाच यंत्रावर. वाचनालयात देणगीने आलेली यंत्रे तीन. मोठ्यावर फ्रीबीएसडी, अगदी जुन्यावर नेटबीएसडी (म्हाताऱ्या यंत्रांना ती फार सांभाळून घेते), आणि तिसऱ्यावर धाकट्या बंधूंची लाडकी ड्रॅगनफ्लाय, कारण तिची हॅमर ही व्यवस्था फाइलीचे कालचे रूपही जपून ठेवते.

तिन्ही प्रणाली एकाच बर्कली घराण्यातल्या. पहिल्या दोघींनी १९९३ मध्ये आपापले संसार थाटले. २००३ मध्ये मॅथ्यू डिलन यांनी फ्रीबीएसडीतून ड्रॅगनफ्लाय वेगळी काढली. भाऊ वेगळे राहू लागले की कोठ्याही वेगळ्या होतात. फ्रीबीएसडीच्या कोठीचे नाव पोर्ट्स. तिच्याच नमुन्यावर नेटबीएसडीने १९९७ मध्ये पॅकेजसोर्स उभारले, आणि पुढे त्याचे दार लिनक्स, सोलारिस, मॅक अशा परक्यांनाही उघडले. कार्यक्रमाची मूळ संहिता आणावी, ती अस्सल आहे ना हे ताडावे, त्या त्या प्रणालीपुरती ठिगळे लावावीत, मग बांधणी करावी, असा सारा पाठ तेथे लिहिलेला. दर तिमाहीस नवी शाखा निघते. ड्रॅगनफ्लायही तेव्हा याच कोठीवर जेवत होती. म्हणून २०१० मध्ये आम्ही ठरविले की तिन्ही यंत्रांना पॅकेजसोर्सच. ज्ञानेश्वरी तिन्हीकडे अखेरीस येऊन बसली, आणि आमची छाती फुगली.

२०१३ मध्ये ड्रॅगनफ्लायने ती कोठी सोडली आणि डीपोर्ट्स घेतले. डीपोर्ट्स म्हणजे फ्रीबीएसडीचेच पोर्ट्स, थोड्या फेरफारांनी. बंधूंना तिच्याबरोबर जायचे होते. आम्ही म्हटले, एकदा एकत्र आलो ते मोडायचे नाही. ते म्हणाले, “दादा, कोठी एक असून काय? माझा डबा दर तिमाहीस रिकामाच येतो.” शब्दाने शब्द वाढला. तीन आठवडे आम्ही दोघे बोललो नाही. चहाचे कपसुद्धा वेगवेगळ्या वेळी आत येत.

पुतण्याने एक दिवस जुन्या नोंदींची वही पुढे केली. “काका, हे पाहा.” नेटबीएसडीवरची ठिगळे जगभरची मंडळी लावीत होती, ते तिचे स्वतःचेच घर. ड्रॅगनफ्लायवरची बंधू लावीत होते, हे आम्हांस ठाऊक होते. पण आमच्या मोठ्या यंत्रावर फ्रीबीएसडीलाही पॅकेजसोर्स परकेच होते, आणि तेथली ठिगळेही रात्री बसून तेच लावीत आले होते. ज्या एकीचा आम्हांस अभिमान, ती एका माणसाच्या झोपेवर उभी होती. आम्हांस ते कधी दिसले नाही. खरे म्हणजे विचारण्याचे सुचले नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या खोलीत गेलो. बोलणे फारसे झाले नाही. फ्रीबीएसडी पोर्ट्सकडे परतली, ड्रॅगनफ्लाय डीपोर्ट्सकडे गेली, नेटबीएसडी होती तेथेच राहिली. सामाईक ठेवायचे ते वर्णक्रमाचे नियम तेवढे सामाईक ठेवले. ते एका पानात मावतात. यंत्र बदलो की कोठी बदलो, आधी ते पान घालायचे आणि ज्ञानेश्वरी शोधून पाहायची.

बंधूंनी स्वहस्ते लिहिलेले ते पान पुस्तकांच्या कपाटाच्या दारास आतून चिकटविले आहे. शेवटच्या ओळीत फक्त तीन अक्षरे आहेत: ळ, क्ष, ज्ञ.